संसदेत प्रश्न मांडला, पुढे काय?

पेन्शनसाठी धरले जाणारे वेतन ५,००० रुपये आणि नोकरीची वर्षे १४ असतील, तर कर्मचारी पेन्शन योजनेनुसार महिन्याला १,००० रुपये पेन्शन बसते. वेतनाला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे, एवढेच ते सूत्र. नोकरी १० वर्षांचीच झाली असेल तर याच वेतनावर ७१४ रुपये निघतात. म्हणून १ सप्टेंबर २०१४ पासून केंद्र सरकारने किमान १,००० रुपयांची मर्यादा ठरवून दिली. या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही, त्यामुळे किराणा आणि औषधे कितीही महागली तरी एकदा बसलेला आकडा जागचा हलत नाही. १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झालेल्या या योजनेला सगळे ईपीएस-९५ म्हणून ओळखतात. देशात तिचे सुमारे ७८ लाख पेन्शनधारक आहेत. महाराष्ट्रात एसटी, साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी बँका, खासगी कारखाने अशा ठिकाणी उमेदीची वर्षे घालवलेली माणसे त्यांत मोठ्या संख्येने आहेत. डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात या पेन्शनधारकांनी साखळी उपोषण चालवले. किमान ७,५०० रुपये पेन्शन, त्यावर महागाई भत्ता आणि नवरा-बायको दोघांना मोफत औषधोपचार ही त्यांची मागणी आता देशभर पोहोचली आहे.

हा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातला नाही आणि विधानसभेच्या कक्षेतही येत नाही. योजना केंद्राची, निधी कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे आणि निर्णय दिल्लीत. म्हणून पेन्शनधारक निवेदन घेऊन खासदाराकडे जातात, आणि ते बरोबरच आहे. खासदारांनीही त्यांना वाऱ्यावर सोडलेले नाही. वेगवेगळ्या राज्यांच्या आणि पक्षांच्या, सत्ताधारी तसेच विरोधी बाकांवरच्या सदस्यांनी हा विषय लोकसभेत आणि राज्यसभेत वारंवार मांडला आहे. तरीही किमान पेन्शन आहे तिथेच आहे. यावरून दोन निष्कर्ष झटकन काढले जातात. एक म्हणजे खासदार नुसते बोलतात, आणि दुसरा म्हणजे संसदेत बोलून काही होत नाही. मला हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे वाटतात. संसदेत विषय मांडणे ही लांबच्या कामाची पहिली पायरी असते. सरकारकडून आलेले उत्तर हाती धरून पुढची पायरी कोण चढतो, यावर लोकांचे काम होणार की नाही हे ठरते. आपण मतदार मात्र पहिल्या पायरीलाच टाळ्या वाजवतो किंवा तिथेच निराश होऊन परत फिरतो.

हे नीट समजण्यासाठी खासदाराच्या हातात कोणती आयुधे आहेत ते पाहिले पाहिजे, कारण बाहेरून ती सगळी सारखीच दिसतात. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींमध्ये खासदार उभा राहून आपल्या भागाची अडचण मांडताना दिसतो तो बहुधा शून्य प्रहर असतो. हा प्रहर नियमावलीत लिहिलेला नाही. साठच्या दशकात तो प्रथेने रूढ झाला आणि टिकला. सूचनांची सोडत निघते, एकेका सदस्याला मिनिट-दोन मिनिटे मिळतात, आणि अध्यक्षांनी वेळ वाढवून दिली तर पुष्कळांना बोलता येते. जुलै २०१९ मध्ये एका दिवशी लोकसभेत दीडशेहून अधिक सदस्यांनी असे विषय मांडले होते. पण या प्रहरात मंत्र्यावर उत्तराचे बंधन नसते. दुसरे आयुध नियम ३७७ चे. २५० शब्दांच्या आतला मजकूर सदस्य वाचतो किंवा पटलावर ठेवतो, आणि संबंधित मंत्रालयाने महिनाभरात सदस्याला लेखी उत्तर पाठवावे अशी अपेक्षा असते. राज्यसभेत त्याच धर्तीवर विशेष उल्लेख असतो. तिसरे आणि सर्वांत धारदार आयुध म्हणजे प्रश्न. तो एकदा दाखल करून घेतला गेला की ठरलेल्या दिवशी सरकारला उत्तर द्यावेच लागते. ते छापले जाते, कायमचे नोंदले जाते आणि कोणालाही वाचता येते.

प्रश्न दाखल होण्याची वाट सोपी नाही. किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. प्रश्न १५० शब्दांच्या आत बसला पाहिजे. त्यात मत मागता येत नाही, आरोप करता येत नाही, आणि मुळात जो विषय केंद्र सरकारच्या जबाबदारीचा नाही तो चालत नाही. मग सोडत. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न निवडले जातात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, पण तासाभरात त्यांतले हातावर मोजण्याइतकेच पुकारले जातात. बाकीच्यांची आणि सगळ्या अतारांकित प्रश्नांची उत्तरे लेखी येतात. दरम्यान मंत्रालयात एक वेगळीच हालचाल सुरू झालेली असते. प्रश्न संबंधित कक्षाकडे जातो, तिथून क्षेत्रीय कार्यालयांकडे माहितीची मागणी जाते, आणि एरवी महिनोन्महिने दाद न देणाऱ्या कार्यालयाला ठरलेल्या तारखेच्या आत आकडे द्यावे लागतात. सामान्य माणसाच्या अर्जाला न मिळणारी ही तातडी संसदेच्या प्रश्नाला मिळते, कारण उत्तर मंत्र्याच्या नावाने जायचे असते. ते चुकीचे निघाले तर सदस्य अध्यक्षांच्या निदेश ११५ खाली ते निदर्शनास आणून देऊ शकतो आणि मंत्र्याला दुरुस्ती करावी लागते.

आता ईपीएस-९५ वरचे उत्तर जवळून पाहू. प्रश्नाचे सहसा चार-पाच भाग असतात. किमान पेन्शन वाढवण्याची मागणी सरकारकडे आली आहे काय. आली असल्यास तपशील काय. सरकारने कोणती पावले उचलली. वाढ कधीपर्यंत होईल. उत्तर देताना मंत्रालय हे सगळे भाग एकत्र बांधते आणि ‘क ते घ’ असे लिहून एकच निवेदन देते. त्या निवेदनाचा गाभा वर्षानुवर्षे तोच आहे. ही योजना ठरावीक अंशदानाची आणि ठरावीक लाभाची आहे. नियोक्त्याकडून वेतनाच्या ८.३३ टक्के आणि केंद्र सरकारकडून १.१६ टक्के, तेही १५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर, एवढ्या रकमेतून निधी तयार होतो. सगळे लाभ याच निधीतून द्यायचे असतात. निधीचे दरवर्षी मूल्यमापन होते आणि ३१ मार्च २०१९ च्या मूल्यमापनात तूट दिसली. तरीही सरकार अर्थसंकल्पातून मदत करून किमान १,००० रुपये देत आहे. यात खोटे काही नाही. अडचण अशी की ‘कधीपर्यंत’ या भागाचे उत्तर त्यात नसते. सगळे भाग एका मोळीत बांधल्यामुळे ते राहून गेल्याचे वरवर वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

पण याच उत्तरांच्या मालिकेतून एक मोलाची गोष्ट बाहेर आली. सरकारने २०१८ मध्ये या योजनेच्या फेरविचारासाठी एक उच्चाधिकार समिती नेमली होती. तिने किमान पेन्शन २,००० रुपये करावी आणि त्यासाठी अर्थसंकल्पात दरवर्षी तरतूद करावी अशी शिफारस केली. ती अर्थ मंत्रालयाने मान्य केली नाही. श्रम मंत्रालयाने संसदेतल्या उत्तरांत हे स्वतःच सांगितले आहे. सात-आठ ओळींच्या त्या मजकुराचा अर्थ फार मोठा आहे. फाइल कुठे अडली आहे हे त्यातून कळते. पेन्शन वाढवणे योग्य आहे असे सरकारनेच नेमलेल्या समितीला वाटले होते, हे कळते. आणि पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा हेही कळते. तरी त्यानंतरही बहुतेक प्रश्न पुन्हा श्रम मंत्रालयाकडेच गेले आणि तेच निवेदन परत आले. आधी उत्तर मिळालेला प्रश्न त्याच आशयाने पुन्हा विचारू नये, असे लोकसभेच्या नियमांतच म्हटले आहे. त्यामागे शहाणपण आहे. दुसरा प्रश्न पहिल्या उत्तराच्या खांद्यावर उभा राहिला पाहिजे. २,००० रुपयांची शिफारस नाकारताना अर्थ मंत्रालयाने वार्षिक बोजा किती धरला होता? तो १,००० रुपयांसाठी दिल्या जाणाऱ्या मदतीपेक्षा किती जास्त होता? वेतनमर्यादा १५,००० रुपयांवर ठेवल्यामुळे निधीत किती कमी भर पडली? या प्रश्नांना ‘क ते घ’ चे ठरीव निवेदन पुरणार नाही. आकडे द्यावे लागतील, आणि आकडे आले की वाद भावनेच्या पातळीवरून हिशेबाच्या पातळीवर येईल.

हिशेबाचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे, कारण सरकारची बाजूही हिशेबाचीच आहे. अंशदानातून चालणाऱ्या निधीवर वाटेल तितका भार टाकता येत नाही, टाकला तर आज कामावर असलेल्यांची पेन्शन धोक्यात येईल, हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण किमान पेन्शनची हमी मुळातच निधीबाहेरच्या पैशातून, म्हणजे अर्थसंकल्पातून पाळली जाते. तेव्हा ती १,००० असावी की २,००० की त्याहून जास्त, हा सरकारने समाजाच्या कोणत्या थरासाठी किती पैसा बाजूला काढायचा असा राजकीय निर्णय आहे. राजकीय निर्णयाची जागा संसद आहे. आयुष्यभर राबलेल्या माणसाच्या म्हातारपणी महिन्याला १,००० रुपये पुरतात असे आज कोणी सरळ म्हणणार नाही. मग किती पुरतात आणि त्यातले किती देणे परवडते, हे सभागृहात उघडपणे बोलले गेले पाहिजे. त्यासाठी अर्ध्या तासाची चर्चा हे साधन नियमावलीत आहेच. एखाद्या उत्तरातून महत्त्वाची बाब पुरेशी स्पष्ट झाली नसेल तर सदस्य तीन दिवसांची सूचना देऊन तिच्यावर स्वतंत्र चर्चा मागू शकतो. या साधनाचा वापर फारच थोडा होतो.

याच विषयात आधी जे थोडे पुढे सरकले ते कसे सरकले, हेही पाहण्यासारखे आहे. राज्यसभेच्या विनंती अर्ज समितीकडे ईपीएस-९५ मध्ये दुरुस्ती करावी असा अर्ज आला. भगतसिंह कोश्यारी तेव्हा या समितीचे अध्यक्ष होते. समितीने पेन्शनधारकांचे म्हणणे ऐकले, मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारला आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अहवाल सादर केला. किमान ३,००० रुपये पेन्शन द्यावी, अशी तिची शिफारस होती. वर्षभराने १,००० रुपयांची मर्यादा लागू झाली. शिफारशीच्या तिसऱ्या भागाइतकी ती रक्कम होती आणि पेन्शनधारकांना तिने समाधान दिले नाही. पण त्याआधी ज्यांना दोनशे-चारशे रुपये मिळत होते त्यांच्यासाठी तो बदल खरा होता. माजी सैनिकांच्या ‘एक पद, एक पेन्शन’ या मागणीचा विचारही याच समितीने २०११ मध्ये केला होता आणि ती मान्य करण्याची शिफारस केली होती. मिनिटभराच्या भाषणापेक्षा समितीच्या खोलीतल्या कंटाळवाण्या, कागदपत्रांनी भरलेल्या बैठका पुष्कळ जास्त वजनाच्या असतात. कॅमेरा तिथे नसतो, त्यामुळे मतदारांपर्यंत हे काम पोहोचत नाही.

आश्वासनांची समिती हे आणखी एक अपरिचित पण उपयोगाचे दार. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही हे पाहण्यासाठी लोकसभेने १ डिसेंबर १९५३ ला ही १५ सदस्यांची समिती नेमली. राज्यसभेची अशी समिती १९७२ ची आहे. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’, ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल’ अशा ठरावीक वाक्यप्रयोगांची एक यादीच आहे. त्यांतला एखादा मंत्र्याच्या उत्तरात आला की ते आश्वासन म्हणून नोंदले जाऊ शकते आणि ते तीन महिन्यांत पूर्ण करायचे असते. मुदत वाढवून घ्यावी लागली तर कारण द्यावे लागते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. लोकसभा विसर्जित झाली तरी अपुरी आश्वासने रद्द होत नाहीत, नव्या लोकसभेची समिती त्यांचा पाठपुरावा पुढे चालवते. म्हणजे एखाद्या खासदाराने मिळवलेले ‘विचाराधीन आहे’ हे उत्तर तो निवडणूक हरल्यावरही सरकारच्या मानेवर बसून राहते. मंत्रालयांनाही हे चांगले ठाऊक असल्यामुळे उत्तरे लिहिताना आश्वासन ठरेल असे वाक्य टाळण्याकडे त्यांचा कल असतो. पेन्शनच्या उत्तरात ‘कधीपर्यंत’ला बगल दिली जाते त्यामागे हेही एक कारण असावे. बांधून टाकणारे वाक्य मंत्र्याच्या तोंडून काढून घेणे हे पुरवणी प्रश्न विचारणाऱ्या खासदाराचे खरे कसब. त्यासाठी त्याला आधीची सगळी उत्तरे वाचून यावे लागते.

माझ्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल की खासदार हा कायदे करणारा लोकप्रतिनिधी. रेल्वेचा थांबा, टपाल कार्यालय, पेन्शनच्या तक्रारी यांत त्याला गुंतवून आपण त्याचा नगरसेवक करतो. या आक्षेपात तथ्य आहे. गटारे आणि पथदिवे लोकसभेत मांडून कोणाचे भले होत नाही, आणि प्रश्नांच्या नियमांनीच त्यांना बाहेर ठेवले आहे. पण रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, टपाल, पासपोर्ट, भविष्य निर्वाह निधी, सरकारी बँका या साऱ्या केंद्राच्या सेवा आहेत. त्यांच्या बाबतीत लोकसभेचा सदस्य सोडला तर नागरिकाने निवडून दिलेला दुसरा कोणीही केंद्राला औपचारिक जाब विचारू शकत नाही. शिवाय स्थानिक तक्रार आणि राष्ट्रीय धोरण यांच्यात आपण समजतो तेवढी मोठी भिंत नसते. बुलढाण्यातल्या पेन्शनधारकाची तक्रार हीच ७८ लाख लोकांच्या धोरणाची तक्रार आहे. कायदा कुठे अपुरा पडतो हे कायदा करणाऱ्याला अशाच निवेदनांतून कळते. खासदार निधीतून वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात, आणि त्यांच्या फलकांवर नाव लागते. पण त्या निधीतून एकाही माणसाची पेन्शन एका रुपयाने वाढवता येत नाही. ते काम संसदेतच होऊ शकते.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे. संसद चालतेच कुठे, आणि चालली तरी पक्षाच्या शिस्तीपुढे खासदाराचे काय चालते? गोंधळात सभागृह तहकूब होते आणि प्रश्नोत्तराचा तास वाहून जातो, ही तक्रार अगदी खरी आहे. करोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. त्याने झालेले नुकसान कोणी कमी लेखू नये, कारण मंत्र्याला समोरासमोर अडवण्याची संधी गेली की ती लेखी उत्तराने भरून निघत नाही. पण त्या अधिवेशनातही अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे येत राहिली. एरवीही सभागृह तहकूब झाले तरी त्या दिवसाच्या यादीतल्या प्रश्नांची उत्तरे पटलावर ठेवली गेली असे धरले जाते आणि ती प्रसिद्ध होतात. दूरदर्शनच्या पडद्यावर घोषणाबाजी चाललेली असते त्या दिवशीही अडीचशे प्रश्नांची उत्तरे नोंदली गेलेली असतात. पक्षशिस्तीचे म्हणाल तर पक्षांतरबंदी कायद्याने व्हिपला जे बळ दिले ते मतदानापुरते. प्रश्न विचारायला, विनंती अर्जावर सही करायला, आश्वासनाचा पाठपुरावा करायला व्हिप लागू होत नाही. सत्ताधारी पक्षाचा सदस्यही आपल्या सरकारला प्रश्न विचारतो आणि त्यात गैर काही मानले जात नाही. आजच्या पक्षबद्ध राजकारणात खासदार सर्वांत मोकळा कुठे असेल तर इथे.

मग मतदाराने मोजायचे कसे? सध्याची पद्धत सोपी आहे. कोणी किती प्रश्न विचारले, किती चर्चांत भाग घेतला, हजेरी किती, याचे तक्ते प्रसिद्ध होतात. त्यांवरून पुरस्कार दिले जातात आणि खासदारांच्या कार्यअहवालात ते आकडे ठळक छापले जातात. हजेरी आणि सहभाग यांची नोंद असलीच पाहिजे. ती ठेवणाऱ्यांनी लोकांवर उपकारच केले आहेत. पण प्रश्नांच्या संख्येवरून काम मोजणे फसवे आहे. एकाच अतारांकित प्रश्नापुढे अनेक सदस्यांची नावे असतात, आणि तो प्रत्येकाच्या खात्यावर जमा होतो. एखाद्या योजनेचा राज्यवार तपशील द्या, अशा धर्तीचे प्रश्न कोणत्याही विषयावर तयार करता येतात. याच्या उलट पाच वर्षांत एकाच विषयावर दहा प्रश्न, दोन अर्ध्या तासांच्या चर्चा आणि एक विनंती अर्ज असे काम करणारा सदस्य तक्त्यात तळाशी दिसेल. संख्येची भूक लागली की प्रश्न बाहेरून लिहून येतात आणि कधी त्यांच्यासोबत पैसाही येतो. हे भय काल्पनिक नाही. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून मोबदला घेऊन तिच्या हिताचे प्रश्न विचारल्याचे चौकशीत निघाले. सभागृहातून काढून टाकण्याचा ठराव पुढे आल्यावर त्यांनी राजीनामा दिला. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना एकाच दिवशी काढून टाकण्यात आले, त्यांत खानदेशातलेही होते. प्रश्न विकला जातो याचाच अर्थ त्याला किंमत आहे. ज्या आयुधासाठी व्यापारी पैसे मोजायला तयार होतात ते मतदाराला फुकट उपलब्ध आहे, हे या प्रकरणांतून उमगायला हवे.

पाठपुराव्याला फळ येते का, असे कोणी विचारले तर कोकण रेल्वेकडे बोट दाखवता येईल. बॅरिस्टर नाथ पै १९५७ मध्ये राजापूरमधून लोकसभेत गेले आणि १९७१ मध्ये निधन होईपर्यंत तिथले प्रतिनिधी राहिले. त्यांच्यानंतर मधु दंडवते यांनी १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षे त्याच मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. कोकणाला रेल्वे हवी ही मागणी दोघांनी सभागृहात लावून धरली. दंडवते स्वतः १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते, तरी तेवढ्याने काम पुरे झाले नाही. १९९० मध्ये ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्राचा २२ टक्के होता, तर कर्नाटक, गोवा आणि केरळ यांनी उरलेला भाग उचलला. सुमारे ७४० किलोमीटरचा तो मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्णपणे खुला झाला. नाथ पैंनी ही गाडी पाहिली नाही. एकट्या संसदेतल्या भाषणांनी रेल्वे आली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सर्वेक्षणे, आंदोलने, अभियंते आणि पैसा उभारण्याची नवी पद्धत, सगळेच त्यात होते. पण एका मतदारसंघाची मागणी एका सदस्याकडून दुसऱ्याकडे सोपवली गेली आणि दरवेळी पहिल्यापासून सुरू करावी लागली नाही, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. आज खासदार बदलला की आधीच्याने मिळवलेली उत्तरे अडगळीत जातात. नवा खासदार तोच प्रश्न नव्याने विचारतो, तेच उत्तर मिळवतो आणि त्याचीच बातमी होते.

हे टाळण्याची निम्मी जबाबदारी निवेदन देणाऱ्यांची आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. निवेदन देताना फोटो काढला जातो आणि पोच घेतली जाते. त्या निवेदनाला आधीच्या पाच वर्षांतल्या उत्तरांच्या प्रती जोडल्या तर खासदाराच्या कार्यालयात बसलेल्या तरुण साहाय्यकाचे अर्धे काम होते. दोन्ही सभागृहांतली उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय, विषय आणि सदस्याच्या नावानुसार शोधता येतात. ती इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नसतात, ही अडचण खरी आहे. जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने किंवा वृत्तपत्राने ती मराठीत आणून द्यायला काय हरकत आहे? पेन्शनधारकांच्या संघटनांमध्ये निवृत्त लेखापाल आहेत, बँकेतले अधिकारी आहेत. ८.३३ टक्के आणि १.१६ टक्के यांचा हिशेब मंत्रालयाइतकाच चोख मांडू शकणारी ही माणसे आहेत. त्यांनी खासदाराकडे ‘आमचा आवाज उठवा’ एवढेच मागण्याऐवजी १५० शब्दांत बसणारा, अर्थ मंत्रालयाला उद्देशून लिहिलेला, आधीच्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख देणारा प्रश्नाचा मसुदाच हातात ठेवावा. सहा महिन्यांनी परत जाऊन उत्तर काय आले, त्यात आश्वासन होते का, ते आश्वासन समितीकडे नोंदले गेले का, हे विचारावे. असे विचारणारे मतदार भेटले की खासदाराच्या कार्यअहवालातही प्रश्नांच्या संख्येशेजारी त्यांच्या निकालाचा रकाना येऊ लागेल.

आणि विनंती अर्जाचे दार उघडेच आहे. लोकसभेपुढे ठेवायचा अर्ज साध्या, आदराच्या भाषेत, हिंदी किंवा इंग्रजीत लिहिलेला असावा लागतो; दुसऱ्या भारतीय भाषेत असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. शेवटी नेमकी मागणी असावी लागते, आणि सभागृहात सादर होण्यासाठी त्यावर एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. कोश्यारी समितीच्या अहवालाला दहा वर्षे होऊन गेली. त्यानंतर उच्चाधिकार समितीची २,००० रुपयांची शिफारस आली आणि ती नाकारली गेली. कामगारविषयक स्थायी समितीनेही किमान पेन्शन वाढवण्याची गरज सांगितली. हे तीन कागद जोडून नवा अर्ज करता येतो. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि गोव्याचे २ सदस्य आहेत. प्रतिस्वाक्षरी त्यांतल्या एकाचीही पुरते.